गाडीत अडकलेली सीडी: द स्ट्रोक्सचा 'रूम ऑन फायर', आठ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, हा अल्बम मी निवडलेला नाही. नोव्हेंबरात सेकंडहँड गाडी घेतली. तिच्यात सीडी प्लेअर आहे, यावरून गाडीचं वय काय ते समजून घ्या. दादाच्या माळ्यावरच्या खोक्यातून हाताला लागली ती सीडी घातली, आणि ती आत गेली ती गेलीच. बटण दाबलं की घर्र आवाज होतो, सीडी ओठ दाखवते आणि परत आत जाते. रेडिओ खरखरतो, ब्लूटूथचा प्रश्नच नाही. कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन, आठवड्यातले चार दिवस मी द स्ट्रोक्स या न्यूयॉर्कच्या पाच जणांच्या रॉक बँडचा दुसरा अल्बम ऐकतोय.

११ गाणी, ३३ मिनिटं. बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आसपास उरकतात. रस्ता मोकळा असेल तर वाकडचा पूल येईपर्यंत अल्बम संपतो. मोकळा नसेल, म्हणजे रोजच, तर दुसरी फेरी सुरू होते. 'द एंड हॅज नो एंड' हे दहावं गाणं बालेवाडीच्या ट्रॅफिकमध्ये लागलं की मागच्या सीटवरून हसू येतंच.

दादाने ही सीडी २००३ साली, अल्बम आला तेव्हाच घेतली होती. त्याचं मत एका शब्दाचं: झेरॉक्स. २००१ च्या 'इज धिस इट'ने त्याला वेड लावलं होतं, आणि दुसऱ्यात तेच परत विकलं असं त्याचं म्हणणं. तेव्हा असं म्हणणारा तो एकटा नव्हता. पहिल्या महिन्यात मलाही तसंच वाटलं. तोच फाटक्या आवाजातला गायक ज्युलियन कासाब्लांकास, तेच सरळसोट ड्रम्स, तीच घाई.

मत बदललं ते एका बिघाडामुळे. जानेवारीत डाव्या दाराचा स्पीकर बंद पडला आणि गाण्यांतून एक गिटार जवळजवळ गायब झाली. 'रेप्टिलिया' ओळखू येईना. सुरुवातीला बेस आणि ड्रम धडधडत येतात तिथवर सगळं जागेवर होतं, पुढे मात्र गाणं एका पायावर लंगडत होतं. दोन आठवड्यांनी स्पीकर बदलला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी शब्दांकडे लक्ष न देता फक्त निक वालेन्सी आणि अल्बर्ट हॅमंड ज्युनियर या दोघांच्या गिटारी ऐकल्या. एक मुख्य आणि दुसरी साथीला, असला मामलाच नाही. एकाने जागा सोडली की दुसरा तिथे पाय ठेवतो, आणि दोघं एकमेकांच्या पायावर कधी पाय देत नाहीत. 'ऑटोमॅटिक स्टॉप'मध्ये तर एक गिटार मात्रेच्या मधल्या फटीत बोट घालून बसलेली असते. पहिल्या अल्बममध्ये मजा गायकाच्या आवाजाची होती. इथे आवाज मुद्दाम मागे, धुरकट ठेवलाय आणि गाण्यातलं सांगायचं ते गिटारी सांगतात. झेरॉक्समध्ये असं होत नाही, दादा.

चौथं गाणं 'ट्वेल्व्ह फिफ्टीवन'. त्यातली मुख्य सुरावट कीबोर्डवर आहे यावर भाचीने माझ्याशी मस्तानीची पैज लावली. ती गिटारच आहे, वालेन्सीची. लाइव्ह व्हिडिओ दाखवून मस्तानी वसूल केली. गाण्यात ऐकू येणाऱ्या टाळ्या मात्र टाळ्यांसारख्याच वाटतात, आणि सिग्नलला स्टिअरिंगवर आपोआप पडतात.

गाडीत रोज तिघं असतात, त्यामुळे मतं फुकट मिळतात. एकजण लहानपणी पाच वर्षं तबला शिकलेला. बँडचा ड्रमर फॅब्रिझिओ मोरेटी याच्याबद्दल त्याचं मत: "अरे हा एकदा तरी तिहाई घेईल की नाही?" मे महिन्यात त्यानेच कबूल केलं की असं न सजवता वाजवणं अवघड असतं, हात शिवशिवतात. दुसरीला गायकाचा आवाज अजिबात सहन होत नाही. तिच्या मते माणूस बंद दाराआडून शेजाऱ्यांशी भांडतोय. हे मला खोडता येत नाही. सकाळी ठीक वाटतं, पण संध्याकाळी डोकं चढलेलं असताना हा आवाज कानाला टोचतो. त्यात गाडीचे स्पीकर स्वस्तातले. हेडफोनवर तोच आवाज बराच सुसह्य आहे, तपासून पाहिलं.

'यू टॉक वे टू मच' आणि 'द वे इट इज' ही दोन मला आठ महिन्यांनंतरही जागा भरायला ठेवल्यासारखी वाटतात. याउलट आठवं, 'अंडर कंट्रोल'. घाईघाईच्या अल्बममध्ये हे एकच गाणं खुर्ची मागे टेकवून बसतं. जुन्या सोल संगीताची चाल, ड्रम्स आळसावलेले, आणि कासाब्लांकास ओरडायचं विसरून चक्क गातो. पावसात, वायपर चालू असताना ऐकलं तर मागच्या सीटवरची तक्रारसुद्धा थांबते. (एकदाच थांबली, पण थांबली.)

एक गोष्ट मला उशिरा कळली. या अल्बमसाठी बँडने आधी रेडिओहेड या बँडचा निर्माता नायजेल गॉडरिच याच्याबरोबर काम सुरू केलं होतं. जमलं नाही, ते सोडून दिलं आणि पहिल्या अल्बमच्या गॉर्डन राफेलकडेच परत गेले. म्हणजे वेगळं काही करायची संधी दारात आली होती आणि यांनी तिला नको म्हटलं. याला आळस म्हणा किंवा हट्ट, मी हट्ट म्हणतो. पुढे २००६ च्या तिसऱ्या अल्बममध्ये निर्माता बदलला, लांबी ५२ मिनिटांपर्यंत गेली. तो मी दोनदाच पूर्ण ऐकू शकलो.

सीडी फिरून पुन्हा सुरू होते तेव्हाचा सांधाही आता आवडायला लागलाय. शेवटचं गाणं 'आय कान्ट विन', म्हणजे जिंकणं जमणार नाही म्हणून संपतं, आणि लगेच पहिलं गाणं सुरू होतं, ज्याच्या पहिल्याच ओळीत गाणाऱ्याला विसरलं जायचं आहे. पहिल्या अल्बमने डोक्यावर घेतलेल्या पोरांनी दुसऱ्याची सुरुवात अशी करावी, याची गंमत मला आठवड्याला आठ वेळा वाटते.

गेल्या रविवारी दादाला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "हे अजून वाजतंय?" कर्वे रोडला गर्दी होती, म्हणून आठव्या गाण्यापर्यंत पोचलो. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "हे छान आहे. हे कुठल्या अल्बममधलं?"

मेकॅनिक म्हणतो, डॅशबोर्ड उघडावा लागेल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्याला गणपतीनंतर बघू असं सांगून ठेवलंय.