मनिला, चोवीस महिने वापरून झाल्यावर

नवीन मिक्सर आला की लोक तिसऱ्या दिवशी अभिप्राय लिहून मोकळे होतात. मी मुद्दाम थांबले. तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आठव्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या. आता फेब्रुवारीत मला मनिलात येऊन दोन वर्षं पुरी झाली.

लिहायला बसायचं कारण म्हणजे फोन. जून २०२५ पासून भारतीयांना फिलिपिन्समध्ये चौदा दिवस व्हिसाशिवाय येता येतं, ऑक्टोबरपासून एअर इंडियाचं दिल्लीहून थेट विमान सुरू झालं, आणि माझ्या ओळखीपाळखीतल्या निम्म्या लोकांना अचानक फिलिपिन्स आठवलं. फिरायला येणाऱ्यांना माझं उत्तर एका शब्दाचं: या. हे लिहिलंय ते नोकरीचं पत्र हातात घेऊन 'जाऊ का नको' विचारणाऱ्यांसाठी.

मी ठाण्याची, माहेर चिपळूणचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, इथे शिकायचंच काय आहे? नारळ, केळी, कुंपणावर जास्वंद, अंगाला चिकटणारी हवा. न्हाणीघरात चक्क बादली आणि तिच्यात तरंगणारा दांड्याचा मग. त्याला इथे 'ताबो' म्हणतात आणि त्यावाचून त्यांचंही पान हलत नाही. शिवाय सगळ्यांना इंग्रजी येतं. म्हणजे झालंच की! इथेच मी फसले. जे अनोळखी होतं त्याचा मला कधी त्रास झाला नाही, कारण अनोळखी गोष्टीला आपण जपून हात लावतो. जे ओळखीचं दिसत होतं, तिथे दर वेळी पाय घसरला.

इंग्रजीचंच घ्या. पहिल्यांदा फोनवर बाई म्हणाल्या, "फॉर अ व्हाइल, मॅम." मी पुढचं वाक्य ऐकायला कान देऊन बसले. पुढे काही नव्हतंच. त्याचा अर्थ 'जरा थांबा'. संडासाला 'सीआर', फ्रीजला 'रेफ', वीज गेली की 'ब्राउनआउट'. हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. पडत नाही ते 'ओपो'. 'ओपो' म्हणजे आदराने म्हटलेलं 'हो'. एसीचं पाणी भिंतीवरून गळायला लागलं तेव्हा इमारतीचा दुरुस्तीवाला हसून म्हणाला, "ओपो मॅम, बुकास पो." बुकास म्हणजे उद्या. नऊ दिवस रोज उद्याच होता, आणि नऊही दिवस त्याचं हसू तितकंच गोड. शेवटी ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकारी बाईंनी कानमंत्र दिला: "होईल का असं विचारायचंच नाही. तोंडावर नाही म्हणणं त्याला जमणार नाही. किती वाजता येतोस ते विचार." तसं विचारलं, तो ओशाळला, म्हणाला की सुटा भागच आलेला नाही. बाप रे, एवढंच होतं तर! तेव्हापासून मी हो-नाहीचे प्रश्न विचारणं सोडून दिलंय.

या बाईंना सगळे 'आते' म्हणतात. आते म्हणजे मोठी बहीण, कुया म्हणजे मोठा भाऊ. मला मात्र आते म्हटलं की आत्याच डोळ्यांसमोर येते, आणि खरं सांगायचं तर त्यांचा कारभारही आत्यासारखाच आहे.

आता कागदपत्रं. इथे नीट लक्ष द्या, कारण नोकरी देणारे हे सांगत नाहीत. कामाचा परवाना वेगळा, नोकरीसाठीचा नाइन-जी व्हिसा वेगळा, आणि परदेशी माणसाचं ओळखपत्र, ज्याला सगळे एसीआर कार्ड म्हणतात, ते वेगळं. माझं कार्ड हातात यायला चार महिने लागले. कार्ड नाही म्हणून बँक खातं उघडेना, खातं नाही म्हणून चेकबुक नाही. आणि घर भाड्याने घ्यायचं तर इथली रीत अशी: दोन महिन्यांचं डिपॉझिट, दोन महिन्यांचं आगाऊ भाडं, आणि उरलेल्या महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक, सगळे पहिल्याच दिवशी. तीन घरमालकांनी अतिशय प्रेमाने कॉफी पाजून मला वाटेला लावलं. चौथी मालकीण सहा महिन्यांचं भाडं रोख घ्यायला तयार झाली. महिना पस्तीस हजार पेसो, एका पेसोचे साधारण दीड रुपये धरा, आणि करा हिशेब. मी ऑफिसकडून उचल घेतली. तुम्ही ठाण्याहून निघायच्या आधीच या पैशांची तजवीज करा, एवढं तरी माझं ऐका. दर जानेवारी-फेब्रुवारीत परदेशी माणसाने इमिग्रेशनपुढे वार्षिक हजेरी लावायची असते, तीनशे दहा पेसो भरून. ते तसं सोपं आहे.

जेवण. मी मासे खाते, त्यामुळे माझं बरं चाललंय. आलुमाहान म्हणजे सरळ आपला बांगडा. बाजारात पहिल्यांदा दिसला तेव्हा मी कोळणीशी मराठीतच बोलायला लागले होते. नवरा शाकाहारी, त्याचे हाल. 'वालांग कार्ने' म्हणजे 'मांस नको', हे तो पाठ करून आला होता. हॉटेलात भाजी मागवली, आली, वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. वेटर मनापासून गोंधळला: हे मांस कुठे, हे तर चवीपुरतं! त्याच्या लेखी फोडणीतल्या लसणीसारखंच ते. आता आम्ही एकेकाचं नाव घेऊन नको म्हणतो: डुक्कर नको, कोळंबी नको, पातीस म्हणजे माशाचं पाणी नको, बागूंग म्हणजे त्यांचा आंबवलेला जवळा नको. एवढं सांगितल्यावर वेटर विचारतो, "मग अंडं चालेल?" शेवग्याचंही तसंच. मालुंगाय म्हणून पाल्याच्या जुड्या ढिगाने मिळतात, शेंगा मात्र आमच्या बाजारात मला अजून दिसलेल्या नाहीत. झाड तेच हो, पण खायचा भाग वेगळा.

गेल्या वर्षी गणपतीला सासूबाई आल्या, सिंगापूरमार्गे, बरोब्बर चौदा दिवसांसाठी. इथल्या बाजारात नारळ फोडून यंत्रावर तुमच्यासमोर खवून देतात, त्यावर त्या बेहद्द खूश. गुळाच्या जागी पानुत्सा मिळाला, उसाच्याच काकवीची ढेप. केळीची पानं हवी तितकी. तांदळाचं पीठही घेतलं, पांढरंशुभ्र, मऊ. उकड काढली तर पिठाचा गोळा परातीला सोडेना. पारी हातात धरली की चिंगमासारखी लांबायची. पाच मोदक कसेबसे मिटले, ते मोदकपात्रात बसले आणि एकमेकांत वितळून त्यांचा एक मोठा मोदक झाला. पिशवी पुन्हा वाचली: मालागकित. म्हणजे चिकट तांदूळ. नवरा पळत जाऊन साधं पीठ घेऊन आला, तोवर आरतीची वेळ टळलेली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बाप्पालाही कळू दे परदेश म्हणजे काय ते."

त्याच दिवशी दुपारी शेजारचा सात-आठ वर्षांचा मुलगा प्रसादाला आला. सासूबाईंना बघून म्हणाला, "मानो पो," आणि त्यांचा हात ओढून आपल्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना नमस्कार करायची ही त्यांची पद्धत. सासूबाई आधी दचकल्या, मग लक्षात आलं तसा दुसरा हात त्याच्या डोक्यावर गेला, "शतायुषी हो!" दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती आणि कुणाचंच काही अडलं नाही. या देशाला मी पैकीच्या पैकी देईन ते याच खात्यात.

जायच्या आदल्या दिवशी त्यांना रोहास बुलेवारवरची मॅगसेसे पुरस्काराची इमारत बघायची होती. विनोबांना १९५८ साली, म्हणजे पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, आणि बाबा आमट्यांना १९८५ साली मिळाला तो हाच पुरस्कार. टॅक्सीवाल्याला 'मॅगसेसे' काही केल्या कळेना. तो शब्द 'मागसायसाय' आहे. आपण तीन पिढ्या चुकीचा म्हणत आलोय!

'बुंबाय' हे प्रकरण मात्र जरा टोचरं. इथे भारतीय माणूस म्हणजे बुंबाय. कांद्याचंही नाव 'सिबुयास बुंबाय', म्हणजे नाशिकवाल्यांनी नाराज व्हायला हवं. सुरक्षारक्षकाने विचारलं, "बुंबाय?" मी हौसेने म्हटलं, हो, अगदी तिथलीच, जरा पलीकडची. तो हसला, मीही हसले. अर्थ नंतर आतेने सांगितला. मोटारसायकलवर फिरून छोट्या दुकानदारांना कर्ज देणारे, रोजच्या रोज हप्ता गोळा करणारे लोक इथे बहुतेक पंजाबकडचे. पाच घ्या, सहा परत करा, म्हणून या धंद्याचं नावच 'फाइव्ह-सिक्स'. पोरं जेवली नाहीत की आया सांगतात, बुंबाय धरून नेईल. आपण बागुलबुवाची भीती घालतो तशी. कुणी दुष्टपणे म्हणत नाही, पण लिफ्टमध्ये एखादं पोर आईच्या मागे दडलं की आपण कोण आहोत ते कळतं.

प्रवासाचं थोडक्यात. एड्सा नावाच्या रस्त्यावर संध्याकाळी गाडीत बसणं म्हणजे आयुष्य वाया घालवणं. मी बोनी ते आयाला या स्टेशनांदरम्यान एमआरटीने, म्हणजे मेट्रोने जाते. पहिला डबा बायकांचा, वृद्धांचा. गर्दी ठाण्याइतकीच, पण लोक रांगेत उभे राहतात! पाऊस असो, अर्धा तास लागो, रांग मोडत नाही. जीपनीत, म्हणजे इथल्या शेअर-जीपमध्ये, पैसे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच हातोहात परत येतात. दोन वर्षांत माझा एक पेसो कुठे अडकला नाही.

२४ जुलै २०२४ ला मला इथे येऊन सहा महिनेही झाले नव्हते. कारिना नावाचं वादळ इथल्या जमिनीवर आलंच नाही, लांबून गेलं, पण जाताना त्याने हाबागात ओढून आणला. हाबागात म्हणजे नैऋत्येचा पावसाळी वारा, आपल्याकडे जूनमध्ये येतो त्याचंच इकडचं नाव. आम्ही घरून काम करत होतो. आते मारिकिनाला राहते, नदीजवळ. मीटिंग चालू असताना तिने चॅटवर नुसता आकडा टाकला: १६. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, पॅक करा. मग १८. इथे मारिकिना नदीची पातळी मीटरमध्ये सांगतात. पंधराला पहिला इशारा, सोळाला दुसरा, अठराला घर सोडायचंच. अख्खं शहर त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसलेलं असतं. त्या दिवशी नदी वीसच्या वर गेली.

माझ्या हातापायातलं बळच गेलं. २०२१ च्या जुलैत, बावीस तारखेला, चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी चढत होतं तेव्हा मीही असेच भावाचे मेसेज वाचत ठाण्यात बसले होते. आते आणि घरचे वरच्या मजल्यावर सुखरूप होते. शनिवारी आम्ही सहा जण खराटे, फावडी घेऊन तिच्याकडे गेलो. दारातूनच तो वास आला. चिखलाचा, डिझेलचा, भिजलेल्या गाद्यांचा. मी काही न विचारता आधी फ्रीज आडवा केला, दार उघडून पाणी काढलं, आणि गाद्यांना हात लावू नका म्हणून सगळ्यांना ओरडले, कारण भिजलेली गादी चौघांनाही उचलत नाही, ती फाडूनच न्यावी लागते. आते बघतच राहिली. जिन्याच्या भिंतीवर २००९ च्या ओंदोय वादळाची खूण होती, नवी रेघ तिच्या खाली. तिने मलाच खडू दिला. त्यानंतर तिच्या घरी मी मॅम राहिले नाही.

बाकी किरकोळ. उन्हाळ्यात विजेचं बिल डोळे पांढरे करतं. नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा विमा कंपनीच्या मंजुरीपत्रासाठी इस्पितळात पाच तास बसलो, तेवढी तयारी ठेवा. पिण्याचं पाणी निळ्या कॅनमधून विकत. नाताळ सप्टेंबरमध्येच सुरू होतो. कायद्याने तेरावा पगार मिळतो, तो २४ डिसेंबरच्या आत. आणि त्या बदल्यात ऑफिसच्या पार्टीत नाचावं लागतं. हा कायदा नाही, पण सुटका नाही.

आता आम्ही रस्त्यापलीकडे दोन खोल्यांच्या घरात जातोय. नव्या मालकिणीला बारा चेक हवेत, मार्चपासून दर महिन्याच्या पाच तारखेचे. या खेपेला माझ्याकडे चेकबुक आहे! काल रात्री ऐटीत बसून बाराही लिहिले, सह्या ठोकल्या. सकाळी आतेने चाळले आणि हसत सुटली. इथे तारखेत आधी महिना लिहितात, मग दिवस. खाडाखोड केलेला चेक चालत नाही. बारापैकी एकच बरोबर होता, पाच मेचा.