पेनीवर चालणारं ऑलविन: काही महिने वापरून झाल्यावर

ऑलविन म्हणजे पेनी या इंग्लिश नाण्यावर चालणारं, गोळी उडवायच्या खेळाचं जुनं मशीन. ते घेणार असाल तर लाकूड, काच, रंग हे सगळं नंतर. आधी मागचं दार उघडायला लावा आणि नाण्याची वाट तपासा. आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना माझं मशीन अडकलं, तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगतोय.

खेळ सोपा आहे. पेनी टाकली की गोळी सुटते, खटका मारायचा, गोळी वळणातून फिरून पेल्यात पडते, बक्षिसाचा पेला असेल तर मूठ फिरवून नाणी घ्यायची. वीज लागत नाही. या भागाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आजही पोरं रांग लावतात.

तक्रार आहे ती नाण्याच्या जाडीची. जुनी इंग्लिश पेनी 30.8 मिलिमीटर व्यासाची, 9.4 ग्रॅमची. 15 फेब्रुवारी 1971 ला तिकडे दशमान चलन आलं, त्याच वर्षी ही पेनी बाद झाली आणि बरीच मशीनं फिरवली गेली, म्हणजे नव्या 2 पेन्सच्या नाण्यावर चालतील अशी बदलली गेली. ते नाणं 25.9 मिलिमीटरचं, पण पेनीपेक्षा जाड. माझं मशीन असंच फिरवलेलं होतं. विकण्याआधी कुणीतरी फट आणि भोकं पुन्हा पेनीएवढी करून घेतली, पण बक्षीस देणारी सरकपट्टी 2 पेन्सच्या जाडीचीच ठेवली. मग दोन पेन्या पट्टीत बसल्यावर वर जरा जागा उरते, तिसरीची कड त्यात उतरते आणि पट्टी जाम होते. मूठ जोरात फिरवली तर दाते जातील, ही भीती वेगळीच.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, ‘जुनं मशीन आहे, अडकणारच.’ परत पाठवायचं भाडं माझ्याच माथी मारत होता. एवढे पैसे मोजून हे ऐकायचं! शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका जॉबरला, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्याला, बोलावलं. त्याने जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, पट्टी काढली, कानस मारून पेनीच्या मापाला आणली. दोनशे रुपये आणि चहा. त्यानंतर एकदाही अडकलं नाही.

त्या रागात मी फिरवलेलं मशीन घेऊच नका म्हणायचो. आता म्हणतो, जरूर घ्या, पण हाच दोष दाखवून भाव पाडून घ्या.

आपली नाणी चालतील का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नाही. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं, ते आत नुसतं गडगडतं. राणीछाप चांदीचा रुपया मात्र साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, जवळजवळ पेनीएवढा, आणि भाच्याने लक्ष्मीपूजनातला रुपया हळूच टाकून हे सिद्धही केलं. रुपया 11.66 ग्रॅमचा. घासून चांदी झिजवायची कशाला? मागचं दार उघडून काढला, धुतला, आई पुढे दोन दिवस धुसफुसत होती.

तेल घालू नका. आमच्याकडे मागांचा तूस हवेत असतो, तेलाला चिकटून नळीत गाळ होतो. कोरडी ग्रॅफाइट पूड पुरते. उन्हाळ्यात मागचं दार आकसतं, त्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहे, त्यामुळे खरे पैसे कुणी लावत नाही: पेन्या डब्यातून घ्यायच्या, डब्यात परत टाकायच्या. पैसे लावायचे म्हणणाऱ्याला मी मशीनपाशी उभाही करत नाही.

पेन्या घेताना व्हिक्टोरियाच्या गुळगुळीत झालेल्या टाळा, मग विकणारा कितीही स्वस्त देवो. झिजलेली पेनी पातळ होते आणि तिसरीची कड पुन्हा आडवी येते. 1960 च्या दशकातल्या एलिझाबेथच्या पेन्या भरपूर मिळतात, कडा शाबूत असतात, आणि किलोवर मागितल्या तर सुट्यापेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात.