निवृत्तीचं गणित सॉफ्टवेअरवर मांडून दहा महिने झाले, त्याचा अनुभव

वय 52, नोकरीची आठ वर्षं बाकी. दहा महिन्यांत तीन गोष्टी वापरल्या: एक फुकटचा ऑनलाइन कॅल्क्युलेटर, एक वर्गणीवालं नियोजनाचं सॉफ्टवेअर आणि एक्सेलमध्ये स्वतः केलेली शीट.

कॅल्क्युलेटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाच आकडे टाका, एक मोठा आकडा घ्या आणि घाबरा. त्यात आयुर्मान आधीच 85 भरलेलं होतं. मी तसंच राहू दिलं. नवऱ्याने मागून डोकावून विचारलं, "आई एक्क्याण्णवच्या आहेत, मग मी लवकर जायचंय का?" तेव्हापासून मी 95 धरते.

वर्गणीवाल्या सॉफ्टवेअरने पहिल्याच आठवड्यात झोप उडवली. वर्षाच्या खर्चाच्या 25 पट पुंजी, 8 टक्के परतावा, 6 टक्के महागाई असं धरलं तर पैसे सुमारे 34 वर्षं पुरायला हवेत. मला उत्तर येत होतं 17. दोन रात्री डोकं खाजवल्यावर चूक सापडली. मी हुशारी करून परताव्यातून महागाई आधीच वजा केली होती आणि 2 टक्केच भरले होते. सॉफ्टवेअरने महागाई पुन्हा धरली. चूक माझीच, पण परताव्याच्या रकान्याशेजारी 'महागाईसकट भरा' एवढे दोन शब्द लिहायला काय हरकत होती?

शीटमध्ये नेमकं उलटं झालं. महागाईचा दर वरच्या एका सेलमध्ये लिहिला आणि सूत्र खाली ओढत नेलं. सेलच्या पत्त्यात तो पत्ता जागेवर धरून ठेवणारं डॉलरचं चिन्ह घालायचं राहिलं, त्यामुळे प्रत्येक ओळीत सूत्र एकेक घर खाली सरकून रिकाम्या सेलकडे बघत बसलं. म्हणजे पहिल्या वर्षानंतर महागाई शून्य! पुंजी मरेपर्यंत वाढतच होती. तीन आठवडे मी मनातल्या मनात लवकर निवृत्ती घेऊन टाकली होती. आता कुठलीही शीट केली की आधी विसाव्या वर्षाचा खर्च बघते. 6 टक्क्यांनी तो आजच्या 3.2 पट दिसला पाहिजे.

वर्गणी वसूल झाली ती मॉन्टे कार्लोमुळे. यात दरवर्षी ठरावीक 8 टक्के न धरता वरखाली होणारे परतावे घेऊन हजार वेळा आयुष्य चालवून बघतात. परताव्यांचा क्रम किती महत्त्वाचा असतो हे मला त्यातून कळलं, पण पटलं मात्र कागदावर. पुंजी 100, दरवर्षी अखेरीस 10 काढायचे. परतावे 30, 10 आणि उणे 20 टक्के असे आले तर तीन वर्षांनी 87.6 उरतात. तेच परतावे उलट्या क्रमाने आले तर 77.1. काही न काढता पैसे तसेच ठेवले असते, तर दोन्हीकडे 114.4. म्हणजे निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं वाईट गेली तर पुढची चांगली वर्षं ते पुरतं भरून काढत नाहीत. म्हणून सुरुवातीच्या तीन वर्षांचा खर्च बाजारापासून लांब ठेवायचा ठरवलाय.

पण शेवटी येणाऱ्या 'यशाची शक्यता 84 टक्के' (म्हणजे पैसे शेवटपर्यंत पुरण्याची) या आकड्यावर माझा राग आहे. बटण पुन्हा दाबलं की 83, परत दाबलं की 85. चौऱ्याण्णवाव्या वर्षी थोडे पैसे कमी पडले तरी नापास आणि सत्तरीतच खडखडाट झाला तरी नापासच. शिवाय त्या हजार आयुष्यांतल्या एकाही बाईला बाजार पडल्यावर हात आखडता घ्यायचं सुचत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये तयार भरलेला 4 टक्क्यांचा नियमही जपून घ्यावा. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये तो मांडला तो अमेरिकेच्या बाजाराच्या इतिहासावरून आणि 30 वर्षांच्या हिशेबाने. पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढायचे आणि पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची, असा तो आहे. दरवर्षी उरलेल्या पुंजीच्या 4 टक्के, असं मी कितीतरी दिवस समजत होते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वर्षाच्या खर्चाच्या रकान्याने. मी अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा सहा महिन्यांच्या नोंदींतून निघालेला आकडा जवळजवळ पाव पट जास्त निघाला. दात, गाडीची दुरुस्ती, लग्नातले आहेर, यातलं काहीच 'दरमहा' नसतं, म्हणून आठवतही नाही. हे मला ना कॅल्क्युलेटरने विचारलं, ना सॉफ्टवेअरने.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय, वाढवणार नाही. दोन-तीन वर्षांनी महिनाभरासाठी घेईन. शीट मात्र दर तिमाहीला उघडते. फाइलचं नाव 'निवृत्ती शेवटची खरी 4' आहे, आणि ती कुठे ठेवलीय हे नवऱ्याला कालच लिहून दिलंय.