प्रिंट की वॉचपॉइंट?

म्हापशात बसून सी भाषेतला एक प्रोग्राम तपासत होतो. बेती-पणजी फेरीबोटीत किती गाड्यांची जागा उरली, ते मोजणारा. ‘शिल्लक’ हा ग्लोबल व्हेरिएबल (प्रोग्राममध्ये कुठूनही बदलता येणारी किंमत) 16 असायला हवा, मध्येच 0 व्हायचा.

सवयीने आधी प्रिंट टाकले, म्हणजे मध्येमध्ये व्हॅल्यू स्क्रीनवर छापणाऱ्या ओळी. व्हॅल्यू कशी बदलत गेली ते सगळं एकाखाली एक दिसतं, म्हणून लूपमधला (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमधला) हिशेब चुकला तर मी आजही प्रिंटच टाकतो. पण प्रिंट जिथे ठेवाल तिथलंच सांगतो. ‘शिल्लक’ माझ्या दोन प्रिंटच्या मध्ये बदलत होता, आणि तिथल्या कोडमध्ये तर त्याचं नावही नव्हतं.

मग जीडीबीत (चुका शोधायच्या डीबगरमध्ये) ‘वॉच शिल्लक’ दिलं, म्हणजे वॉचपॉइंट लावला: ही किंमत बदलली की थांब. प्रोग्राम बरोबर जागेवर थांबला: जुनी किंमत 16, नवी 0. शेजारी 8 खणांचा अ‍ॅरे (ओळीने किंमती ठेवायची जागा) होता आणि लूप नवव्या खणात लिहीत होता! मेमरीत ‘शिल्लक’ त्याला लागूनच. अशा चुकीला माझं मत वॉचपॉइंटलाच.

मात्र एक्स86 (इंटेल, एएमडीच्या) प्रोसेसरवर हार्डवेअर एका वेळी 4च पत्त्यांवर नजर ठेवतं. त्याहून जास्त लावले तर जीडीबी ते लावता येत नाहीत असं सांगून अडतो; हार्डवेअर न वापरता नजर ठेवायला सांगितलं, तर एकेक पायरी चालवून तपासतो, आणि प्रोग्राम गोगलगायीसारखा सरकतो.