गरम पाण्याचा पूल आणि थेंबांचं टेस्ट किट: दिवाळी ते श्रावण

निकाल आधीच सांगते: पुलाचं पाणी तपासायला थेंब मोजायचं एफएएस-डीपीडी किट घ्या, त्यात कामाचं आणि निकामी क्लोरीन वेगवेगळं मोजता येतं. रंगीत पट्ट्यांवर पैसे घालवू नका, आणि पूलवाल्याच्या पिवळं पाणी दाखवणाऱ्या डबीवर तर मुळीच विसंबू नका. ती डबी एकूण क्लोरीन दाखवते. त्यातलं कामाचं किती आणि घाम-मळाशी बांधलं जाऊन निकामी झालेलं किती, हे तिला कळत नाही.

आमचा पूल इंदूरच्या बायपासपलीकडे, घरामागे, साधारण ४० हजार लिटरचा. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हीट पंप बसवला आणि थंडीतही पाणी ३१-३२ अंशांवर ठेवायचं ठरलं. पंपाबद्दल तक्रार नाही. एवढं पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४६ युनिट उष्णता लागते, वीज मात्र त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच जाते. हवा गार असली की हा हिशेब बिघडतो, म्हणून पौषात तो आम्ही दुपारीच चालवायचो. कव्हर नसेल तर पंप घेऊच नका. सगळी ऊब वाफेवर जाईल.

खरी डोकेदुखी पाण्याची. नदीकाठच्या जलूदहून पंपाने एवढा डोंगर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी डुंबण्यासाठी ओतायला मन धजत नाही, त्यामुळे पूल भरला बोरिंगवर. माळव्याच्या काळ्या दगडातलं पाणी ते: किटवर अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) ३२०, कॅल्शियम हार्डनेस (विरघळलेलं कॅल्शियम) ३६० पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. थंड पुलात असलं पाणी कसंबसं निभावतं. तापवलं की नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि सगळ्यात आधी हीटरच्या नळीवरच थर धरतं. पाणी थर धरेल की नाही हे सांगणारा निर्देशांक लँगेलियरने १९३६ मध्ये मांडला; त्याचा हिशेब लावला तर पाणी १६ वरून ३२ अंशांवर नेणं म्हणजे त्यातलं कॅल्शियम जवळजवळ दुप्पट करण्यासारखंच. पूल विकणाऱ्यांपैकी एकानेही हे आम्हाला सांगितलं नव्हतं.

पीएच सारखा वर का जातो, याचं उत्तर किटमुळे मिळालं. अल्कलिनिटी जास्त आणि पाणी गरम, की कार्बन डायऑक्साइड भराभर उडतो आणि पीएच चढतो. आज अ‍ॅसिड टाका, परवा पुन्हा ८. मग आम्ही पीएचचा पाठलाग सोडला आणि अल्कलिनिटीच उतरवली: अ‍ॅसिडने पीएच ७.२ पर्यंत खाली, मग कारंजं चालू ठेवून हवेनेच वर, पुन्हा अ‍ॅसिड. या पुलात अल्कलिनिटी १० ने कमी करायला ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक सुमारे ८०० मिली लागतं. काम कंटाळवाणं आहे, घाईने होत नाही. पण ७० वर आणल्यापासून पीएच ७.६ च्या आसपास आठवडाभर टिकतो. रात्री कव्हर असलं की वायूही कमी उडतो, तो फायदा वेगळा.

आता गोळ्या. पूलवाले सर्रास टीसीसीए ९० या क्लोरीनच्या गोळ्या टाकतात. त्यातून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की ६ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिडही पाण्यात उतरतं. क्लोरीन खर्च होतं, हे मात्र साचतच राहतं. उन्हापासून क्लोरीन वाचवायला ते थोडं हवंच, पण दिवसाचा बराच वेळ झाकलेल्या पुलाला ३०-४० पुरे. आमच्याकडे ते किटच्या १०० च्या रेघेपलीकडे गेलेलं. निम्मं साधं पाणी मिसळून मोजलं आणि उत्तर दुप्पट केलं तर दीडशे. मुक्त, म्हणजे कामाचं, क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी हवं, म्हणजे ११ च्या वर! म्हणूनच गोळ्या टाकूनही पाणी हिरवटायचं. बरंच पाणी उपसलं आणि द्रव क्लोरीनवर आलो. ते उन्हाळ्यात लवकर उतरतं, म्हणून छोटे कॅन आणा. आणि गोळ्या व ब्लीचिंग पावडर कधीही एका डब्यात किंवा एकाच मापाने हाताळू नका, स्फोट होऊ शकतो.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून आलेली भाचरं थेट पुलात उतरली. कितीही अंघोळ करून आली तरी कानामागचा गुलाल राहतोच. संध्याकाळपर्यंत क्लोरीन जवळपास शून्य. त्या रात्री जादा डोस दिला आणि वास निघून जावा म्हणून कव्हर उघडं ठेवलं. इतकं क्लोरीन असताना किटचा पीएच जांभळा दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

किटचे दोषही आहेत. महाग आहे, रसायनं संपली की मागवावी लागतात आणि अल्कलिनिटी मोजताना ट्यूबलाइटमध्ये हिरव्याचा लाल नेमका कधी झाला ते समजत नाही. सायन्युरिकची चाचणी तर उन्हाकडे पाठ करूनच करावी लागते. हार्डनेसला एवढे थेंब लागतात की बाटली लवकर रिकामी होते. मी निम्मा नमुना घेऊन उत्तर दुप्पट करते. बाटल्या पंपरूममध्ये न ठेवता घरात सावलीत ठेवा.

उपसलेल्या जागी पुन्हा बोरिंगचंच पाणी गेल्याने कॅल्शियम काही हटत नव्हतं. या पावसात गच्चीचा पाइप, पहिल्या सरी वाहून जाऊ देऊन, जाळीतून पुलाकडे वळवला. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. ३६० चं २४० झालंय. अल्कलिनिटीही त्याबरोबर उतरते, तेव्हा ६० च्या खाली गेली तर खाण्याचा सोडा घाला: ४० हजार लिटरला १० वाढवायला सुमारे पाऊण किलोपेक्षा थोडा कमी.