जुन्या रोटरचा चिवटपणा: स्मॉल पंच, छोटा चार्पी की मिनी-सीटी?

1969 मध्ये इंग्लंडच्या हिंकली पॉइंट ए वीजकेंद्रात ओव्हरस्पीड चाचणी (नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरवून बघणं) चालू असतानाच टर्बाइनची डिस्क फुटली. पोलाद इतकं ठिसूळ होतं, की दोन मिलिमीटरही खोल नसलेली भेग पुरली. कारण टेम्पर एम्ब्रिटलमेंट, म्हणजे उष्णतेने येणारा ठिसूळपणा: साधारण 375 ते 575 अंश सेल्सियसला फॉस्फरस, कथिल ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिककणांच्या) सीमांवर जमतात. वर्षानुवर्षं या तापमानात चालणाऱ्या रोटरलाही (टर्बाइनच्या फिरत्या भागाला) हाच धोका. पण नेहमीच्या चार्पीसाठी, म्हणजे खाच पाडलेला तुकडा हातोड्याने तोडून चिवटपणा मोजायच्या चाचणीसाठी, 10×10×55 मिमीचा तुकडा चालत्या रोटरमधून कोण कापू देणार?

स्मॉल पंचमध्ये छोट्या गोल टोकाने चकती दाबून फोडतात; त्याला 8 मिमी व्यासाची, अर्धा मिमी जाडीची चकती पुरते. पृष्ठभागावरून पातळ खपली काढली, कडा घासून गुळगुळीत केल्या, की मशीन परत चालू. वेल्डिंगची भानगड नाही. मेख पुढे आहे. चकतीला खाच नसते आणि भार सावकाश येतो, त्यामुळे ती ठिसूळ व्हायला द्रव नायट्रोजनाच्या आसपासची थंडी लागते. केल्विनमध्ये तिचं ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या खाली पोलाद ठिसूळ होतं ते) चार्पीच्या साधारण 0.4 पट येतं. म्हणजे चार्पीचं 77 अंश सेल्सियस इथे उणे 133 दिसतं. रोटरचं चार्पी ट्रान्झिशन तापमान 50 अंशांनी चढलं तर चकतीत फरक जेमतेम 20 अंशांचा, आणि मोजण्यातली 4 अंशांची चूक उलट गणितात 10 होते. शिवाय हा गुणक पोलादागणिक बदलतो. दुसऱ्याच्या पोलादाचा गुणक लावून काढलेल्या अहवालावर मी तरी सही करणार नाही.

मिनी-सीटी म्हणजे भेग असलेला छोटा नमुना ओढून फाडायची चाचणी; नमुना 4 मिमी जाडीचा. त्यात फटीगने (भार पुन्हा पुन्हा देऊन) खरी भेग वाढवतात, म्हणून मास्टर कर्व्हच्या (तापमानानुसार चिवटपणा दाखवणाऱ्या प्रमाण वक्राच्या) पद्धतीने भेगेच्या हिशोबात थेट बसणारा आकडा मिळतो. खर्च आणि वेळ मात्र भरपूर: किमान सहा वैध निकाल हवेत, चाचणीचं तापमान निवडायला वाव कमी. जुन्या चार्पीचे तुटलेले अर्धे तुकडे स्टोअरमध्ये पडून असतील तर त्यांतूनच नमुने निघतात, ते आधी शोधा.

3×4×27 मिमीचा छोटा चार्पी झटपट होतो, पण धातू बराच खातो आणि शेवटी आकडा रूपांतरितच करावा लागतो. भंगारात निघालेला सुटा भाग हाताशी असेल तरच.

माझा कौल: आधी स्मॉल पंच, तोही त्याच जागेवरून दर मोठ्या ओव्हरहॉलला, म्हणजे कल कळतो. तुटलेली चकती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा; फ्रॅक्चर ग्रेनच्या सीमांवरून गेलं असेल, किंवा निकाल मर्यादेच्या जवळ असेल, तर मिनी-सीटीचे पैसे मोजा.