लेकीला एचपीव्हीची लस दिली, दादरच्या क्लिनिकचा अनुभव

माझी लेक 12 वर्षांची, गेल्या शनिवारी दादर स्टेशनजवळच्या एका क्लिनिकमध्ये तिला एचपीव्हीची, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसवरची लस दिली. डॉक्टर मॅडमनी अजिबात घाई न करता तिलाच समोर बसवून सांगितलं की हा व्हायरस खूप कॉमन आहे, बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातो, पण 16 आणि 18 नंबरचे प्रकार वर्षानुवर्षं राहिले तर गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ शकतो, असे सुमारे 70 टक्के कॅन्सर या दोघांमुळेच. माझी मावशी ह्याच कॅन्सरने गेली, ऐकताना पोटात कालवलं.

आम्ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस घेतली, 9 ते 14 वयात 6 महिन्यांच्या अंतराने 2 डोस, 15 नंतर 3 लागतात. नर्सताईंनी बाटलीवरची एक्सपायरी दाखवली मगच टोचलं, लेकीने माझी ओढणी घट्ट धरलेली. कुणाला चक्कर येते म्हणून नंतर 15 मिनिटं बसवलं. दंड दोन दिवस दुखला, बस.

तक्रार एकच, अपॉइंटमेंट असून पाऊण तास थांबलो, बसायला जागा नाही, बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या.

मुलग्यांनाही ही लस देतात असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या, धाकट्याला 9 पूर्ण झाली की इथेच आणणार.